पाचशे फुटांच्या आतलं गाव

घरटॅक्स मागणाऱ्या बाईला गावात पाणी मिळतं, चहा मिळत नाही. पाणी नाकारलं तर पाप लागतं म्हणून पाणी देतात, तेही उंबऱ्याच्या बाहेर. मी एकतीस वर्षं ग्रामसेविका होते. त्यातली शेवटची नऊ वर्षं हिंगणघाट तालुक्यातल्या ज्या गावात काढली, तिथल्या जवळजवळ प्रत्येक घरचं पाणी मी प्यायले आहे. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर दिवाळीत फराळ सोडून लोक फोन करतील, "मॅडम, आमचा बैल काऊन छापला?" म्हणून.

या दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काहीतरी भारी लिहा, असं मला सांगण्यात आलं. भारी म्हणजे पूर, आग, साथीचे रोग. माझ्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. माझ्या वाट्याला टेप आला, पन्नास फुटी, पिवळा, मधे एका जागी चिकटपट्टी लावलेला.

ज्यांना खेड्यातला कारभार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पंचायत दर चार वर्षांनी गावातली घरं मोजते. लांबी किती, रुंदी किती, भिंत मातीची की विटांची, वर कवेलू आहे की टिन की स्लॅब. हे सगळं 'नमुना आठ' नावाच्या एका जाड रजिस्टरात चढतं, त्यावरून टॅक्स ठरतो, आणि टॅक्स भरला की रजिस्टरात ज्याचं नाव त्याच्या नावानं पावती फाटते. मोजताना टेपचं एक टोक माझ्या हातात, आणि दुसरं, म्हणजे शून्याचं टोक, आमचे चपराशी नामदेवभाऊ यांच्या हातात. नामदेवभाऊ गावचेच. त्यांना मात्र चहा मिळायचा. ज्या घरी मिळायचा, त्या घराचं शून्य भिंतीपासून वीतभर आत सुरू व्हायचं. हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली. जाब विचारला तर म्हणाले, "माहा हात थरथरते, मॅडम." चहा न देणाऱ्या घरी तो हात खांबासारखा स्थिर असायचा.

घर लहान दाखवणं ही गावाची जुनीच खोड. त्याला अपवाद लग्नसराईचा. पोरासाठी मुलगी पाहणं सुरू झालं की तेच लोक माझ्याकडे येऊन म्हणायचे, "मॅडम, आमचं घर जरा मोठं लिवून द्या, सोयरे लोक पाहाले येऊन राह्यले." मी म्हणायची, लिहिते, पण टॅक्सही त्या मापानं लागेल. मग म्हणायचे, राहू द्या, सोयऱ्यांना तोंडीच सांगतो.

आता मुख्य गोष्ट. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन भरलं की आमच्याकडच्या कर्मचाऱ्यांना हुडहुडी भरते, आणि ती थंडीची नसते. आमदार सभागृहात प्रश्न विचारतात, मंत्रालय जिल्ह्याला विचारतं, जिल्हा तालुक्याला विचारतो, आणि तालुका आम्हाला. वरून खाली येता येता प्रश्न तोच राहतो, वेळ मात्र आटत जातो. आमच्यापर्यंत पोचतो तेव्हा "आज पाच वाजेपर्यंत" एवढाच उरलेला असतो.

त्या वर्षी एका आमदारांनी मुद्दा काढला की मुंबईत पाचशे फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे, मग खेड्यातल्या घरांनी काय घोडं मारलं? नुसतं बोलून ते थांबले नाहीत, त्यांनी अशासकीय विधेयक दिलं. म्हणजे सरकारनं आणलेलं नव्हे, एका सदस्यानं स्वतःच्या हिमतीवर मांडलेला कायद्याचा मसुदा. असे मसुदे पुष्कळ येतात आणि बहुतेक तिथंच राहतात. हे मला माहीत होतं. पण पेपरात मोठ्या अक्षरात छापून आलं, 'पाचशे फुटांपर्यंत घरटॅक्स माफ?' आणि पेपर गावच्या चौकात येईपर्यंत शेवटचं प्रश्नचिन्ह कुठंतरी गळून पडलं. दुपारपर्यंत गावात कायदा झाला होता.

त्याच संध्याकाळी तालुक्याहून फोन आला. पाचशे फुटांच्या आत किती घरं आहेत याची प्रत्यक्ष मोजून माहिती द्या. या वेळी मोठं मन करून तीन दिवस दिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि नामदेवभाऊ टेप घेऊन निघालो, तर गाव ओळखू येईना. लोकांनी ओसऱ्यांवरची टिनं उतरवून ठेवली होती. काल होते ते संडास आज 'शेजाऱ्याचे' झाले होते. एक निवृत्त गुरुजी, ज्यांनी गावाच्या दोन पिढ्यांना खरं बोलायला शिकवलं, त्यांच्या बैठकीत बैल बांधलेला होता. राहत्या घराच्या मापात गोठा धरत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. बैलाच्या समोर टीव्ही चालू.

"हा गोठा हाय, मॅडम," गुरुजी म्हणाले.

"आणि टीव्ही?"

"त्याले एकट्याले करमत नाई."

पुढच्या घरी दोन भावांनी मधोमध लुगडं टांगून एका घराची दोन घरं केली होती. मी म्हटलं, दोन घरं तर दोन चुली दाखवा. थोरल्यानं गॅस दाखवला. धाकट्यानं इस्त्री दाखवली आणि आपण तिच्यावर पापड भाजतो असं सांगितलं. तिसऱ्या एका घरी म्हातारबुवांनी टेप हातानं धरून ठेवला. भिंतीची जाडी मोजायची नाही म्हणाले. "भिंतीत आम्ही राह्यतो काय जी?" मातीची भिंत, दीड हात जाड. तिच्या मापावरून अर्धा तास वाद झाला. मी तशी तापट बाई. पण त्या तीन दिवसांत मला राग यायचा बंद झाला, कारण रागावायला आधी हसू थांबावं लागतं.

सगळं गाव असं अंग चोरून बसलेलं असताना एकच बाई होती जिला घर मोठं करून पाहिजे होतं.

चंद्रकलाबाई. शाळेत पोरांची खिचडी शिजवायची, वय पंचेचाळीसच्या आसपास, नवरा जाऊन सात वर्षं झालेली. पेपर आला त्याच दिवशी ती पंचायतीत येऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली होती.

"मॅडम, माह्यं घर किती फूट हाय?"

मी रजिस्टर पाहिलं. "अठरा बाय चोवीस. चारशे बत्तीस."

"मंग मी गेली," ती म्हणाली आणि बाकावर बसली.

"अहो, खूश व्हा. कायदा झालाच तर तुमचा टॅक्स माफ होईल."

"टॅक्स माफ झाला त पावती कोन देईन?"

तिची भानगड अशी. सासऱ्यानं जिवंतपणी दोन पोरांची वाटणी केली होती, तोंडीच. थोरल्यानं, म्हणजे हिच्या नवऱ्यानं, घर घेतलं. धाकट्यानं, सुधाकरनं, शेत घेतलं. सुधाकरनं ते शेत विकून वर्ध्याला ऑटो घेतला, आणि भाऊ वारल्यावर त्याची नजर घरावर गेली. वाटणीचा कागद कुठंच नव्हता. चंद्रकलाबाईजवळ होत्या त्या फक्त घरटॅक्सच्या पावत्या, नवरा गेल्यापासूनच्या, तिच्या नावानं फाटलेल्या. सुधाकरनं तिला तोंडावर सांगून ठेवलं होतं, "ज्या सालची पावती तुह्याजवळ नसंन, त्या सालापासून घर माह्यं." म्हणून ही बाई दरवर्षी एप्रिल लागला की गावात सगळ्यांच्या आधी टॅक्स भरायची. आणि आता सरकार तिला माफी द्यायला निघालं होतं.

मी तिला समजावलं की माफी मिळाली तरी रजिस्टरातलं नाव कुठं जात नाही. ती म्हणाली, "तुमाले समजते, मॅडम, मले समजते. माह्या दिराले कोन समजावते? तो पावतीले भेते."

तिच्या घरी टेप घेऊन गेलो तर अंगणात चार बांबू रोवून, खताची रिकामी पोती शिवून एक खोली उभी केलेली.

"हे काय?"

"बेडरूम."

मी म्हटलं, हे मापात धरता येत नाही. मग तिनं कोंबड्यांचं खुराडं दाखवलं. तेही नाही म्हटलं. मग तुळशीचा ओटा. मग ती मला अंगणातल्या कडुनिंबाखाली घेऊन गेली आणि म्हणाली, इथून तिथपर्यंत मोजा.

"चंद्रकलाबाई, सावली मोजत नसतात."

"काऊन? उन्हाळाभर मी तठीच राह्यतो."

नामदेवभाऊ शून्य धरून उभे होते. त्या घरी त्यांना कधीही चहा मिळालेला नव्हता, तरी त्या दिवशी त्यांचं शून्य भिंतीच्या बाहेर वीतभर गेलं. मी डोळे वटारले. ते म्हणाले, थरथरते.

हे सगळं शेजारचे रतनशेठ आपल्या दारात उभे राहून ऐकत होते. रतनशेठ म्हणजे गावचं किराणा दुकान. माणूस वाईट नाही, पण आपल्यासारखा हिशोबी कोणी नाही आणि आपल्यासारखा मजकूर कोणी लिहीत नाही, या दोन गोष्टींवर त्यांची श्रद्धा. गणपतीच्या वर्गणीची चिठ्ठीसुद्धा खरेदीखतासारखी लिहायचे. त्यांचं घर भरलं पाचशे ब्याण्णव फूट. ब्याण्णव फुटांसाठी ते दोन दिवस जेवले नव्हते असं शेठाणी सांगत होत्या. त्यांच्या आणि चंद्रकलाबाईच्या भिंतींच्या मधात एक टिनाची छपरी होती, शेठची, नऊ बाय बारा, त्यांच्याच मापात धरलेली. तिच्यात त्यांची स्कूटर आणि रिकामे पिंप राहायचे. नऊ बारं एकशे आठ.

शेठनी माझ्याकडे पाहिलं, छपरीकडे पाहिलं, चंद्रकलाबाईकडे पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "छपरी घेता काय?"

मी तिथल्या तिथं सांगितलं, "शेठ, अजून कायदा झाला नाही. मसुदा आहे नुसता. थांबा."

"मॅडम, तुम्ही सरकारी मानसं. तुमाले धंदा समजत नाई. भाव पडाच्या आधी माल काढा लागते."

दुसऱ्या दिवशी दोघं पंचायतीत हजर. शेठनी बाँड पेपर आणला होता आणि स्वतःच्या हातानं लिहायला बसले. जीभ ओठात धरून लिहीत होते. मधेच चंद्रकलाबाई म्हणाली, "शेठ, माह्या घराचं बी लिवा ना दोन शब्द. कोनाच्या घराले लागून, कसं भेटलं. नाई त लोक म्हनतीन, शेठनं छपरी हवेले देल्ली." शेठना कोणी मजकूर वाढवायला सांगणं म्हणजे आणखी एक जिलबी वाढणं. दोन शब्दांच्या जागी त्यांनी अर्धं पान लिहिलं.

साक्षीदार दोन लागतात. एक नामदेवभाऊ झाले. दुसरा कोण, म्हणून मी खिडकीतून बाहेर पाहत होते, तर चंद्रकलाबाईच म्हणाली, "माह्या दिराले बोलवा. आलाच हाय तो गावात."

सुधाकर समोरच्या पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेत होता. आला, दारातूनच विचारलं, "कायचा कागद हाय?"

"माह्या घराचा टॅक्स वाढून राह्यला, भाऊजी," ती म्हणाली. "त्याचा."

सुधाकरच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही. टॅक्स वाढला की हिच्यानं भरला जाणार नाही, भरला नाही की पावती नाही, आणि पावती नाही की घर आपलं. त्यानं खर्रा गालात सरकवला, पेन मागितला आणि झोकात सही केली. खाली पूर्ण नाव, गाव, तारीख.

तो गेल्यावर मी चंद्रकलाबाईला झापलं. "जगातला कोणीही साक्षीदार चालला असता. तोच बरा सापडला तुम्हाला?"

"घरचाच मानूस बरा, मॅडम," ती म्हणाली.

मासिक सभेत ते मंजूर झालं. चंद्रकलाबाई पाचशे चाळीस फुटांची मालकीण झाली आणि रतनशेठ चारशे चौऱ्याऐंशीवर येऊन सुखानं जेवले. मी तीन दिवसांची माहिती तालुक्याला पाठवली. त्या माहितीप्रमाणे आमचं गाव जिल्ह्यात सर्वांत बुटकं ठरलं असावं. साहेबांनी फोनवर विचारलं, "मॅडम, तुमच्या गावात माणसं राहतात की चिमण्या?"

मग अधिवेशन संपलं. प्रश्नाला उत्तर दिलं गेलं ते असं, 'माहिती संकलित करण्यात येत आहे.' विधेयक चर्चेला आलंच नाही. ज्या गुरुजींच्या बैठकीत बैल होता त्यांनी तो परत गोठ्यात नेला, पण बैल रोज संध्याकाळी मालिकेच्या वेळेला हंबरायचा असं त्यांच्या सूनबाई शपथेवर सांगत. टिनं परत ओसऱ्यांवर चढली. लुगडं उतरलं. आठवडाभरात गाव होतं तेवढं झालं.

झाली नाही ती फक्त छपरी.

रतनशेठ माझ्याकडे आले. मी म्हटलं, सभेचा ठराव झालाय, आता परत करायची तर बाईंचा अर्ज पाहिजे. ते बाईंकडे गेले. ती म्हणाली, "देतो ना शेठ. यंदाची पावती फाटू द्या." पावती फाटली. मग म्हणाली, "देतो ना. कोंबड्या अंड्यावर बसल्या हायत." तोवर तिनं खुराडं छपरीत हलवलं होतं. शेठची स्कूटर तिथंच उभी असायची, आणि तिच्या सीटवर एक लाल कोंबडी अशी बसायची की शेठना दुकानाला पायी जावं लागे. "उठवता येत नाई तिले," ते मला म्हणाले, "टोचते."

अशात ड्रोन आला. गावठाणातल्या घरांचे नकाशे काढून प्रत्येकाला मालकीची सनद द्यायची, ही सरकारची योजना. आधी प्रत्येकानं आपापल्या जागेभोवती चुन्याची रेष मारायची, मग वरून ड्रोन फोटो काढतो, आणि मग चौकशी अधिकारी येऊन कोणती जागा कोणाची ते ऐकून घेतात. या वेळी गावानं उलटा रंग दाखवला. टॅक्ससाठी आखडलेली घरं सनदेसाठी ऐसपैस झाली. ज्यांनी संडास शेजाऱ्याचा म्हणून सांगितला होता त्यांनी शेजाऱ्याच्या अंगणातसुद्धा चुना टाकला. चंद्रकलाबाईनं घर आणि छपरी मिळून एकच रेष मारली. रतनशेठनी तिच्या रेषेला ओलांडून छपरीभोवती दुसरी मारली. आणि वर्ध्याहून बादली घेऊन सुधाकर आला, त्यानं दोघांच्या बाहेरून तिसरी मारली.

चौकशीचा दिवस उजाडला तेव्हा मला घाम फुटला होता. आता एक कबूल करते. घरटॅक्सच्या पावतीच्या मागं बारीक अक्षरात एक ओळ छापलेली असते की ही पावती मालकी हक्काचा पुरावा नाही. मला ती ओळ नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून पाठ होती. दरवर्षी एप्रिलात ती बाई पदराची गाठ सोडून माझ्यासमोर उभी राहायची, आणि मी तिच्या नावानं पावती फाडून द्यायची, आणि एकदाही म्हटलं नाही की बाई, यानं तुमचं घर वाचणार नाही. धीर झाला नाही. त्याची मला लाज वाटत होती आणि अजूनही वाटते.

चौकशीला पंचायतीच्या हॉलमध्ये अर्धं गाव जमलं होतं. भूमी अभिलेखचे साहेब तरुण होते, शांत बोलायचे. सुधाकर म्हणाला, घर बापाचं, बापाचा जिवंत पोरगा मी एकटा. साहेबांनी चंद्रकलाबाईला कागद मागितले. तिनं पावत्यांचा गठ्ठा पुढं ठेवला. साहेबांनी वरची पावती उलटी केली, ती ओळ वाचली आणि म्हणाले, "बाई, एवढ्यावर मालकी ठरत नाही. दुसरं काही?"

सुधाकर हसला. मी खाली पाहिलं.

"पंचायतीच्या फायलीत एक कागद हाय, साहेब," चंद्रकलाबाई म्हणाली. "छपरीचा."

मी फाईल आणून दिली; त्या कागदातलं नऊ बाय बारा एवढंच मी वाचलं होतं. हे होताच रतनशेठ उठून उभे राहिले. तो कागद निव्वळ टॅक्ससाठी केलेला, दिखाव्याचा होता, असं सांगून छपरी परत घ्यायची, हे त्यांनी सकाळीच मला ऐकवलं होतं. साहेब मोठ्यानं वाचू लागले.

"'माझे घरास लागून श्रीमती चंद्रकलाबाई यांचे घर असून, सदरहू घर त्यांचे पतीस सासऱ्याचे हयातीत झालेल्या तोंडी वाटणीत मिळालेले आहे, धाकट्या भावास शेत मिळून त्याचा घरावर हक्क उरलेला नाही, व आज रोजी ते घर त्या एकटीचे मालकीचे व कब्ज्यातील आहे. त्यास लागून असलेली माझी छपरी मी राजीखुशीने, कोणाचे दबावास बळी न पडता, यावच्चंद्रदिवाकरौ त्यांस दिली असे.'"

सुधाकरचा गाल खर्रा चघळायचा थांबला.

"शेठ," साहेब म्हणाले, "हा कागद तुमचा?"

शेठनी तोंड उघडलं. दिखाव्याचा, हा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसत होता. तो बाहेर पडला असता तर छपरी त्यांची झाली असती आणि घर सुधाकरचं. पण साहेब कागदाकडे पाहत पुढं म्हणाले, "कोण्या वकिलाकडून करून घेतला? इतक्या गावांत चौकश्या केल्या, पण असा स्वच्छ मजकूर मी पाहिला नाही."

रतनशेठची मान लांब झाली.

"वकील कायले पायजे, साहेब? माह्या हातचा हाय. काना-मात्रा माही."

"म्हणजे कागद खरा आहे?"

शेठनी साहेबांकडे पाहिलं, सुधाकरकडे पाहिलं, मग चंद्रकलाबाईकडे. ती जमिनीकडे पाहत होती आणि पावत्यांचा गठ्ठा परत नीट लावत होती.

"खराच हाय," शेठ म्हणाले आणि खाली बसले.

साहेबांनी कागद सुधाकरपुढं धरला. "साक्षीदार म्हणून सही तुमची?"

"माहीच हाय, पन..."

"वाचून केली होती ना?"

अर्धं गाव त्याच्या तोंडाकडे पाहत होतं. न वाचता सही केली, असं चारचौघांत कोणता माणूस कबूल करतो?

"हव," सुधाकर म्हणाला. "वाचूनच केलती."

घर आणि छपरी, पाचशे चाळीस फूट, चंद्रकलाबाईच्या नावानं सनद निघाली.

रतनशेठनी हे त्या बाईसाठी केलं की स्तुतीपायी, हे मला आजवर कळलेलं नाही. मी विचारलं होतं. ते म्हणाले, "साहेब काय म्हनाले ते आइकलं ना तुमी?" त्या बाँडची झेरॉक्स प्लास्टिकमध्ये घालून त्यांनी दुकानात गल्ल्याच्या मागं लावली आहे. गिऱ्हाईक साखर मागतं, ते आधी मजकूर दाखवतात. पण त्याच संध्याकाळी त्यांनी स्कूटरची दुसरी किल्ली चंद्रकलाबाईच्या हातात दिलेली मी पाहिली. कोंबडीला त्रास न देता गाडी सावलीत सरकवायची झाली तर असावी, म्हणाले.

सनदा वाटल्या त्या दिवशी मी चंद्रकलाबाईचा कागद घेऊन शाळेत गेले. ती नळावर खिचडीचं मोठं पातेलं घासत होती. मी सनद दिली आणि मनावर होतं ते बोलून टाकलं. म्हटलं, "चंद्रकलाबाई, मला माफ करा. पावतीनं मालकी होत नाही, हे मला सुरुवातीपासून माहीत होतं. मागंच छापलेलं असतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

तिनं हात पदराला पुसले, सनद उजेडात धरून वरपासून खालपर्यंत सावकाश वाचली, आणि घडी घालून कमरेला खोचली.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "मी पहिल्याच पावतीले वाचलं होतं."

"मग दरवर्षी एवढी धावपळ कशासाठी केली?"

तिनं पातेलं पालथं घातलं.

"माहा दीर काही वाचत नाई, मॅडम."